वहिवाटीतला गंधार

आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजणाऱ्या माणसाने गाण्याविषयी लिहायला बसावे, ही आगळीक आहे याची मला जाणीव आहे. मी गायक नाही. लेखक तर नाहीच. भूकरमापक म्हणून नोकरी करताना जे काही लिहिले ते मोजणीची टिपणे आणि पंचनामे, आणि त्यांत लिहिणाऱ्याने स्वतःविषयी बोलायचे नसते. चारचौघांत बोलण्याची वेळ आली की मी आजही मागच्या रांगेत सरकतो. तरीही हे लिहितो आहे, कारण वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माझ्या हातून एक काम बरे झाले आणि ते कुणालाही कळलेले नाही. कळू नये असाच त्या कामाचा स्वभाव आहे. परंतु अभिमान फार काळ एकट्याने सांभाळता येत नाही, असा मला अनुभव आला. उद्धटपणा वाटला तर वाचकांनी माझ्या वयाकडे पाहून सोडून द्यावे.

काम म्हणजे साडेचार मिनिटांचे एक गाणे.

आमचे गाव आंबेगाव तालुक्यात, मंचरपासून मोटारसायकलने वीस मिनिटांवर. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, वडिलांनी आम्हाला शाळेत घातले, आणि माझ्या चुलतभावाने, ज्याला मी दादा म्हणत असे, गायन पार्टी काढली. दादा पेटी वाजवी आणि गाणी रची. वहिनी मुख्य गायिका. दादाची बहीण, म्हणजे आमची अक्का, गावातच दिलेली, ती कोरसला. जयंतीच्या दिवसांत ही पार्टी जुन्नर-आंबेगावातल्या गावोगाव फिरे. मी त्या घरातला शिकणारा मुलगा. पार्टी निघाली की मी पुस्तकात तोंड घालून बसत असे. मला गायचे नव्हते असे नाही. मला कुणी गायला बोलावू नये, आणि तरीही एकदा बोलवावे, असे काहीसे माझ्या मनात असे. कुणी बोलावले नाही, आणि त्यात कुणाची चूकही नव्हती.

दादाचे सर्वांत आवडते गाणे गावातल्या विहाराचे होते. तो विहार बायांनी उभा केला होता. भट्टीवरच्या विटा ट्रॅक्टरने ओढ्यापर्यंत येत. ओढ्यापलीकडे त्या वेळी गाडी जात नसे, म्हणून बाया डोक्यावरून विटा वाहत. दादाने ध्रुवपद बांधले: ‘वीट वीट वाहिली गं बायांनी, तवा उभा ऱ्हायला विहार.’ ‘विहार’ या शब्दावर वहिनींनी सूर लांबवायचा आणि कोरसने तो उचलून धरायचा, अशी त्याची रीत होती. आमच्याकडच्या लहान मुलांनाही ती ठाऊक होती.

दादा जाऊन सहा वर्षे झाली. त्यानंतर चार वर्षांनी अक्काच्या मुलांनी, म्हणजे आमच्या भाच्यांनी, हौसेने ते गाणे मंचरमधल्या एका लहानशा स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून घेतले. त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत ते मोठ्या स्पीकरवर वाजले. वहिनींचा आवाज सॉफ्टवेअरमधून असा काही घासूनपुसून काढला होता की, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर तो पायरीवरून उडी मारल्यासारखा जात होता. कानाला पत्र्याचा डबा वाजावा तसा तो लागला. गर्दीतून कुणीतरी ओरडले, “वैनी, तुमाला सेल घातलं का काय?” लोक हसले. वहिनीही हसल्या. मी तेथेच उभा होतो. मलाही हसू आले होते, हे लिहिणे प्राप्त आहे.

त्या दिवसापासून वहिनी गायच्या थांबल्या. त्यांनी तसे जाहीर केले नाही. कार्यक्रमाला बोलावले तर घसा धरला आहे म्हणायच्या. पुढे एकदा अक्काने मला बाजूला घेऊन सांगितले, “वंदनेला बी नुसतं व्हट हलावती रे. मी शेजारी बसते, मला कळतं. आवाज न्हाईच.”

ज्या बाईच्या आवाजाने आमचे घर तालुक्यात ओळखले जात होते, ती वंदनेतही मुकी झाली होती. मला काय करता येणार होते? मी तेव्हा नुकताच निवृत्त होऊन जुन्नरला घरी बसलो होतो आणि गुपचूप गाणे शिकू पाहत होतो.

मागच्या खोलीत दार लावून, एका जुन्या पेटीच्या आधाराने, मी सूर लावत असे. आपण नेमके कोठे चुकतो हे कळावे म्हणून लॅपटॉपवर स्वतःचा आवाज भरून ऐकू लागलो. माझी पत्नी शाळेत मुख्याध्यापिका होती; तिचा स्वभाव स्पष्ट आहे. “अहो, खिडकीही लावून घ्या,” ती म्हणाली. “समोरच्या म्हशीने पान्हा चोरला तर दूधवाला आपल्यालाच विचारायला येईल.”

सूर सुधारणाऱ्या त्या सॉफ्टवेअरशी माझी गाठ अशी पडली. आवाज त्यात भरला की पडद्यावर आडव्या रेषा दिसतात; प्रत्येक रेषा हे एकेका सुराचे ठिकाण. आपण गायलेला शब्द त्या रेषांवर भुईमुगाच्या शेंगेसारखा फुगीर उमटतो आणि शेंगेच्या पोटातून एक नागमोडी तार गेलेली दिसते. ती तार म्हणजे आवाज प्रत्यक्ष गेला ती वाट. शेंग रेषेच्या खाली असेल तर सूर कमी लागला, वर असेल तर चढा लागला. माउसने ती शेंग उचलून रेषेवर ठेवता येते. हे पाहताच मला माझे मोजणीचे टेबल आठवले. नकाशातली रेषा आणि जागेवरचा बांध यांत किती फरक आहे, हे पाहण्यातच माझा जन्म गेला होता. पहिल्यांदाच मला वाटले की गाण्याच्या अंगणात मी अगदीच परका नाही.

पहिल्या दिवशी मी स्वतः म्हटलेल्या एका गाथेच्या सगळ्या शेंगा उचलून रेषांवर नेमक्या ठेवल्या, तारा सरळ केल्या आणि पत्नीला मोठ्या उत्साहाने ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणारी बाई असते ना, हा तिचा भाऊ का?”

त्या एका वाक्याने मला वहिनींच्या गाण्याचे काय झाले होते ते समजले. माणूस रेषेवर नसतोच. एका सुराहून दुसऱ्याकडे जाताना तो जी वाट काढतो, थोडा रेंगाळतो, थोडा घसरतो, त्या वाटेवर तो असतो. ती वाट पुसली की सूर तेवढे उरतात आणि गाणारा निघून जातो.

पुढचे वर्षभर मी दुसरे काही केले नाही. माझ्याच बेसूर आवाजाची मला सोबत होती आणि चुकांचा साठा अमर्याद होता. हळूहळू मी माझे नियम बसवले. आधी डोळे मिटून ऐकायचे. कान अडखळला तरच पडद्याकडे पाहायचे, कारण डोळ्याला जेथे चूक दिसते तेथे कानाला पुष्कळदा काहीच खटकत नाही. अख्खी शेंग हलवायची झाली तरी तिच्या पोटातली तार सरळ करायची नाही. उचलायचे तेही पूर्ण नाही. कान शांत झाला की थांबायचे. शब्दाच्या आरंभाला शक्यतो हात लावायचा नाही, कारण माणूस आरंभात ओळखू येतो. श्वास कापायचा नाही. वर्षाच्या शेवटी मी पत्नीला पुन्हा तीच गाथा ऐकवली. ती म्हणाली, “आज बरे म्हटलेत की. घसा मोकळा दिसतोय.”  मी मागच्या खोलीत जाऊन दार लावले आणि एकटाच हसलो.

याच सुमारास गावात जुना विहार उतरवून स्लॅबचा मोठा विहार बांधून पूर्ण होत आला. उद्घाटन वैशाखात ठरले. त्या दिवशी दादाचे गाणे वाजलेच पाहिजे, असे विहाराच्या समितीतल्या सर्वांचे मत पडले. विटा वाहिलेल्या बायांपैकी काही अजून हयात होत्या, त्यांना ते ऐकायचे होते. वहिनींनी निरोप पाठवला: ते गाणे लावणार असाल तर मी यायची नाही.

मी गावी गेलो. मोटारसायकलवर सबंध रस्ता वाक्ये जुळवली आणि वहिनींपुढे बसल्यावर ती सगळी विसरलो. कसेबसे सांगितले की, स्टुडिओत मूळ आवाज तसाच ठेवलेला असेल तर तो मी मागून आणतो आणि नव्याने, अगदी हलक्या हाताने, नीट करून पाहतो.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “तुमी मोजनीवालं. गान्यात काय मोजनार?”

“मोजणार नाही. फक्त पाहतो.”

“बगू दे की गं,” अक्का मध्ये पडली. “बिघडंल बिघडंल म्हंजी आता आजून काय बिघडायचं ऱ्हायलंय?”

वहिनींनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, “एकच सांगते. त्यात मी दिसले पायजे. न्हाई दिसले, तर पुसून टाका. मला सांगू बी नका.”

स्टुडिओ महामार्गाला लागून, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. मालक माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी मूळ फाइल काही आढेवेढे न घेता काढून दिली. “काका, तवा समद्यांना तसंच पायजे व्हतं,” ते मोकळेपणाने म्हणाले. “भाचे मंडळी बोलली, एकदम शिनेमासारखं करा. मी बटन पूर्ण फिरावलं. आज आसतं तर आर्धंच फिरावलं आसतं.” वहिनींचा आवाज, अक्काच्या कोरसचा आवाज आणि कीबोर्डची साथ, तिन्ही वेगवेगळे भरलेले होते. मला तेवढेच हवे होते.

जुन्नरला येऊन मी हेडफोन लावले. आधी कुणाची तरी खुर्ची सरकली, मग वहिनींचा प्रश्न आला, “घेऊ का?” आणि मग आवाज लागला. थकलेला होता. लांबवलेल्या सुरांचे शेवट खाली झुकत होते, दोन ठिकाणी दम कमी पडला होता. पण तो त्यांचा होता. मी ते अख्खे गाणे हात न लावता तीनदा ऐकले.

मग काम सुरू केले. एका सकाळी दोन ओळी, त्याहून जास्त नाही. कान थकला की तो सगळ्याला होकार देतो. ‘बायांनी’ या शब्दाचा शेवट दरवेळी झुकत होता. मी त्या शेंगेचा फक्त शेवटचा तुकडा वेगळा केला आणि जितका पडला होता त्याच्या निम्माच उचलला. ‘ओढ्यापल्याड’ म्हणताना वहिनींचा सूर भरात येऊन चढा लागला होता. तो तसाच ठेवला, कारण ओढा ओलांडताना असाच आवाज निघायचा. एका कडव्यात एक शेंग भलत्याच जागी दिसली. ऐकले तर ती वहिनींची नव्हती. खालून गेलेल्या ट्रकच्या हॉर्नला सॉफ्टवेअरने गाणे समजून पंचमावर बसवले होते. त्या हॉर्नचा सूर आम्हा सर्वांपेक्षा पक्का होता. तो मी काढून टाकला.

एका गोष्टीने मात्र मला काळजीत टाकले. ध्रुवपदातला ‘विहार’ हा शब्द गंधारावर थांबतो, आणि वहिनींचा गंधार दरवेळी रेषेच्या खाली होता. थोडाथोडका नाही; नवख्या कानालाही कीबोर्डशी तो भांडतो आहे हे कळावे इतका. गाण्यात तो शब्द आठ वेळा येतो, आणि आठही वेळा तो कमीच. मी समजूत करून घेतली की वयामुळे आणि दमामुळे तो सूर उतरत असावा. आठही शेंगा मी अतिशय जपून उचलल्या, आतल्या तारा जशाच्या तशा राखल्या, आणि रेषेवर नेऊन ठेवल्या. अक्काचा कोरस शेवटी जोडायचा म्हणून मी तोवर बंद ठेवला होता; आता कीबोर्ड आणि वहिनी एकजीव झाले. कुठेही जोड दिसेना. मी पत्नीला ऐकवले. ती म्हणाली, “वहिनी किती गोड गातात हो अजून.” सबंध कामात मला या आठ जागांचाच सर्वांत जास्त अभिमान होता.

तीन आठवड्यांनी मी लॅपटॉप आणि एक लहान स्पीकर घेऊन गावी गेलो. कांदा बराखीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, भरायचे दिवस होते. वहिनी आणि अक्का अंगणात सावलीला बसून कांद्याची पात कापत होत्या. मी एका क्रेटवर लॅपटॉप ठेवला आणि गाणे लावले.

वहिनींचा विळा चालत होता. पहिली ओळ आली आणि तो सावकाश झाला. मग थांबला.

“दम लागल्याला बी ऐकू येतोय,” त्या म्हणाल्या.

“येनारच,” अक्का म्हणाली. “त्या स्टुडिओचा जिना चढून लगीच गायलीस. मी म्हनलं व्हतं, पानी पी.”

“गप गं. ऐकू दे.”

चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमलत होते. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो असे दाखवत पाहत होतो. मग ‘विहार’ आला आणि तो चेहरा मिटला.

“थांबवा.”

मी थांबवले.

“हितं कोन गातंय?”

“तुम्हीच, वहिनी.”

“न्हाई. बाकी समदी मी हाय. विहार म्हननारी दुसरीच कोनतरी आनून बशिवलीय.”

 मी समजावू लागलो की तेथे सूर कमी लागला होता, फार कमी, आणि सॉफ्टवेअर तो मोजून दाखवते. मी लॅपटॉपचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

“मला काय दावताय? ऐका,” त्या म्हणाल्या, आणि हातातला कांदा खाली ठेवून गायल्या. “तवा उभा ऱ्हायला विहाऽर... आसं हाय ते. तुमचं कसं हाय? तुमचं हाय ताठ. पाव्हन्यासारखं. हे बगा, परत ऐका.” आणि त्यांनी पुन्हा म्हटले, मोठ्याने, सबंध ध्रुवपद. ‘विहार’ आला तसा अक्काने सवयीने कोरस उचलला. दोन घरे पलीकडे कुणीतरी बाई कपडे वाळत घालता घालता वळून पाहू लागली.

गाणे थांबले. अक्का वहिनींकडे पाहतच राहिली. “बया! गायलीस की गं.”

“गायले कुठं? ह्यांना दावलं.”

“दोन वर्सांनी दावलंस.”

वहिनींनी विळा उचलला आणि पात कापू लागल्या, पण मध्येच डोळे पुसत होत्या; कांदा लागला म्हणावे तर मघाशीही त्या कांदाच कापत होत्या. मी माझी अख्खी हिंमत गोळा केली. “वहिनी, आणखी एकदा म्हणाल? मी फोनमध्ये घेतो. आणि अक्का, तू वेगळे म्हण.”

दोघींनी म्हटले. मी तेथेच क्रेटवर ते आवाज सॉफ्टवेअरमध्ये भरले. वहिनींचा गंधार रेषेखाली होता, स्टुडिओत होता तितकाच. अक्काचा गंधारही रेषेखाली होता, आणि तितकाच. माझ्या नोकरीने मला एक गोष्ट शिकवली आहे: दोन माणसे एकाच ठिकाणी, एकाच मापाने चुकत नसतात. तसे दिसले तर आपण आपला नकाशा उघडून पाहावा.

“दादाची पेटी कोठे आहे?” मी विचारले.

ती ट्रंकेत, गोधडीत गुंडाळलेली होती. वहिनींची पट्टी काळी पाच. त्या पट्टीतला गंधार म्हणजे वरच्या सप्तकातली पांढरी दोन. मी भाता हलवून ती दाबली. सूर उतरलेला होता. शेजारचे सगळे ठीक, तोच एक खाली, नेमका दोघींच्या गंधाराजवळ.

“तो व्हय,” अक्का म्हणाली, जणू घरातल्या लंगड्या मांजराविषयी सांगावे तसे. “लई जुना हाय तो. घोडेगावच्या फुडं टेंपोनं आचका दिला, पेटी खाली आली, तवापासनं. दादा म्हनायचा, आता सूर करून आनू, आता करून आनू. तवर गानी त्याच्यावर बसली. मग एकदा कारागिराकडं न्यायला काढली, तर ही म्हनली ऱ्हाऊ द्या.”

“मग काय तर,” वहिनी म्हणाल्या. “इतक्या वर्सांनी त्यो सरळ केला तर आमी वाकडं व्हनार.”

मी ती पांढरी दोन पुन्हा एकदा दाबून पाहिली. किती बांधांवर मी उभा राहिलो असेन, जेथे नकाशाची रेषा एकीकडे होती आणि दोन्ही शेतकऱ्यांची वहिवाट दुसरीकडे. बापजाद्यांपासून दोघेही त्याच बांधापर्यंत नांगरत आलेले, कुणाची तक्रार नाही. अशा जागी नवखा मोजणीदार नकाशा फडकवतो आणि जेथे भांडण नव्हते तेथे भांडण लावून येतो. ते मी नोकरीच्या पहिल्या वर्षी केले होते. गाण्यातल्या पहिल्या कामातही तेच केले.

आठही गंधार मी परत खाली आणले. तेव्हा एक बारीक गोष्ट दिसली. सात जवळजवळ एकाच उंचीवर होते. शेवटच्या कडव्यानंतरचा आठवा त्यांच्याहूनही खाली गेलेला होता. तेवढा एक खरोखर दमाने पडला होता. तो मी उचलला, पण रेषेपर्यंत नाही, बाकीच्या सातांपर्यंत.

आता मात्र कीबोर्ड आणि वहिनी पुन्हा भांडू लागले. स्टुडिओत बटण पूर्ण फिरवून जे दाबून टाकले गेले होते, ते हेच भांडण होते, आणि त्यात वहिनींचा दोष नव्हता. कीबोर्ड काढून टाकणे भाग होते. त्या जागी दादाची पेटीच हवी होती. वाजवायला माणूस नव्हता. वर्षभर गुपचूप पेटीवर सूर धरणारा एक माणूस होता, पण तो बोलेना. शेवटी अक्का म्हणाली, “तुझी बोटं मघापासनं हलत्यात. वाजीव की.”

मी वहिनींच्या घरात, दाराला कडी लावून, दादाची पेटी वाजवली आणि फोनमध्ये भरून घेतली. एकेक सूर चाचपत दाबत होतो. “भावजी, पेटी चावत न्हाई,” वहिनी दाराबाहेरून म्हणाल्या. माझी लय इतकी मागेपुढे झाली की पुढे जुन्नरला बसून वहिनींच्या आवाजापेक्षा माझ्या वादनाची दुरुस्ती जास्त करावी लागली. हे मी येथे पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

उद्घाटनाच्या दिवशी नवा विहार माणसांनी भरला होता. विटा वाहिलेल्या बाया पुढे सतरंजीवर बसल्या होत्या. एकीला धरून आणले होते. वहिनी आल्या होत्या, पण भिंतीला टेकून, दाराजवळच्या जागी. गाणे सुरू झाले. मी मागे खांबाआड उभा होतो आणि माझे लक्ष फक्त हसण्याकडे लागले होते. कुणी हसले नाही. पहिला ‘विहार’ आला, खाली, जेथे तो असायचा तेथे, आणि पुढच्या बायांनी विचारही न करता कोरस उचलला. सगळ्यांचा गंधार तितकाच उतरलेला होता. धरून आणलेल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, “हिचा आवाज तसाच हाय बग आजून. काय सुदिक फरक न्हाई.”

माझ्या साऱ्या नोकरीत मला असे प्रशस्तिपत्र मिळाले नव्हते, आणि ते माझ्या नावाचे नव्हते.

त्यानंतर वंदना झाली. अक्काने मागे वळून मला शोधले आणि नुसती भुवई उंचावली. मी कान दिला. दाराजवळून वहिनींचा आवाज येत होता, स्वच्छ, सगळ्यांच्या वर.

जेवणाच्या पंगतीत पुण्याहून आलेले एक पाहुणे वहिनींना म्हणाले, “मशीन-बिशीन लावलं नाही म्हणून किती गोड झालंय. आजकाल खरा आवाज ऐकायलाच मिळत नाही.”

“एकच जागा बिघडावली व्हती आमच्या भावजींनी,” वहिनी हसत म्हणाल्या. “ती बी म्या सुदरून घेतली. बाकी समदं माझंच.”

पंगत हसली. मीही मान खाली घालून हसलो आणि भातावर वरण वाढून घेतले. त्या गाण्यात माझा हात एक्केचाळीस जागी फिरलेला आहे. प्रत्येक जागा मला पाठ आहे. त्या एक्केचाळिसांपैकी एकही कुणाला ऐकू आली नाही, गाणाऱ्या बाईलादेखील नाही, आणि याहून मोठी पावती या कामात मिळत नाही. या वयात, कुणी न शिकवता, मी ते करू शकलो. हे वाक्य लिहिताना माझी मान ताठ झाली आहे. तेवढे मी स्वतःला करू देतो.

वहिनी आता पुन्हा गातात. मागच्या महिन्यात ओझरजवळच्या एका गावातून बोलावणे आले, तर दोन दिवस आधीच साडी काढून ठेवली होती, असे अक्का सांगत होती. वहिनी मला म्हणाल्या, “त्या गान्यात माझा आवाज ऐकला, तवा कळलं, आजून हाय की आपल्यापाशी.” तो आवाज त्यांचाच आहे, हे मी कोणत्याही पंचनाम्यावर सही करून सांगेन. परंतु जो ऐकून त्यांना धीर आला, त्यात झुकलेले शेवट सावरणारा हात माझा होता, हे त्यांना ठाऊक नाही. त्यांनी मला कधी विचारले नाही, आणि मी स्वतःहून कधी काही सांगणाऱ्यांतला नाही.

तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना सांगितले असते का?